इंटरनॅशनलायझेशन : सिलॅबल कसे पाडायचे, उच्चार कसा करायचा, शब्द बनलाय कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा शब्द डोळ्यांना जितका अवघड दिसतो तितका जिभेला अवघड नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. होतं काय, की 20 अक्षरांचं स्पेलिंग बघून माणूस दचकतो आणि डावीकडून एकेक अक्षर वाचत सुटतो, मग 'नॅशनल'पर्यंत पोचला की गाडी अडते आणि पुढचं सगळं घाईघाईत गिळलं जातं. त्यापेक्षा आधी जोर कुठे पडतो ते शोधायचं, एकदा ती जागा सापडली की बाकीचे तुकडे तिच्याभोवती आपोआप बसतात. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून त्या जोरापाशीच येतात, त्यामुळे तेच तेच वाटलं तर चालवून घ्या.

या शब्दात नक्की सिलॅबल किती?

8. (सिलॅबल म्हणजे शब्दाचा एका झटक्यात तोंडातून निघणारा तुकडा.) सावकाश म्हणून बघा: इन-टर-नॅ-श-न-लाय-झे-शन.

पटकन बोलताना मात्र मधला 'श' आणि 'न' एकमेकांना चिकटतात आणि इन-टर-नॅश्-न-लाय-झे-शन असे 7 च ऐकू येतात, आणि यात चूक काहीच नाही, ज्या स्वरावर जोर नाही तो दोन व्यंजनांमधून असा गळून पडणं इंग्रजीत रोजचंच आहे. परीक्षेत किंवा वर्कशीटवर विचारलं तर 8 लिहा. डिक्शनरीत हा शब्द ठिपके देऊन तोडलेला असतो तो असा: आय-एन, मग टी-ई-आर, मग एन-ए, मग टी-आय-ओ-एन, मग ए-एल, मग नुसता आय, मग झेड-ए, आणि शेवटी परत टी-आय-ओ-एन. मोजा, 8 च भरतात.

पण मराठीत लिहिलं की अक्षरं 11 होतात, मग सिलॅबल 11 का नाहीत?

कारण आपण लिहितो ती अक्षरं आणि तोंडातून निघतात ते सिलॅबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मराठीतही तसंच आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही. 'घर' लिहिताना 2 अक्षरं, बोलताना 'घर्', एकच झटका. शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही. 'इंटरनॅशनलायझेशन'मध्ये हेच होतं. 'टर'मधला 'र', 'लाय'मधला 'य' आणि शेवटच्या 'शन'मधला 'न' हे तिन्ही पाय मोडके आहेत, ते आपल्या आधीच्या अक्षराला टेकून उभे राहतात. 11 मधून हे 3 वजा केले की झाले 8.

सिलॅबल मोजायची काही सोपी युक्ती?

शाळेत शिकवतात ती हनुवटीखाली हात धरायची युक्ती चांगली आहे, कारण दर सिलॅबलला एक स्वर लागतो आणि स्वर म्हणायला जबडा थोडा तरी खाली यावाच लागतो. तळहात उताणा हनुवटीला लावा आणि सावकाश म्हणा. 'नॅ'ला हाताला चांगलाच धक्का बसतो, 'लाय'लाही बसतो, 'श' आणि 'न'ला मात्र जेमतेम जाणवतं. म्हणजे बघा, मोजायला म्हणून केलेली युक्ती जोर कुठे आहे तेही थोडंफार सांगून जाते.

दुसरी युक्ती कागदावरची. स्पेलिंगमधली स्वरांची अक्षरं मोजायची आणि जिथे दोन स्वर मिळून एकच आवाज येतो तिथे एक कमी करायचा. आपल्या शब्दात स्वरांची अक्षरं आहेत 10, 'टी-आय-ओ-एन' दोनदा येतं आणि तिथे आय आणि ओ मिळून एकच सिलॅबल होतो, म्हणून 10 वजा 2, 8. ही युक्ती बहुतेक शब्दांना चालते, सगळ्यांना नाही, जिथे फसते ते उदाहरण खाली लांब शब्दांच्या प्रश्नात दिलंय.

जोर नेमका कुठे द्यायचा?

'झे'वर. इंटरनॅशनलाय-झे-शन. शेवटून दुसरा सिलॅबल. त्याच्या खालोखाल थोडा हलका जोर 'नॅ'वर, आणि त्याहून हलका सुरुवातीच्या 'इन'वर. बाकीचे सगळे पडेल आवाजात.

आपल्या मराठीत शब्दामध्ये असा एका ठिकाणी ठोसा द्यायची सवय नाही, आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा न्याय देतो, आणि तीच सवय इंग्रजीत नेली की प्रत्येक आवाज बरोबर असूनही समोरचा म्हणतो 'सॉरी?'. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे. एका ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हा शब्द अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हटला आणि समोरच्याने दोनदा परत विचारलं. तिसऱ्यांदा मी घाईत म्हटला, निम्मी अक्षरं खाऊन, पण 'झे' चांगला लांबवून, आणि त्याला तो लगेच कळला. त्या दिवसापासून मी कुठल्याही लांब शब्दाचा आधी जोर बघतो, स्पेलिंग नंतर.

जोर देणं म्हणजे ओरडणं नव्हे हेही सांगायला हवं. तो सिलॅबल जरा लांब करायचा, आवाजाची पट्टी थोडी वर न्यायची आणि स्वर पूर्ण उघडून म्हणायचा, एवढंच.

ज्यांच्यावर जोर नाही ते सिलॅबल कसे म्हणायचे?

इथे मराठी माणसाला फायदा आहे. इंग्रजीत जोर नसलेल्या ठिकाणी बहुतेकदा एक अगदी आळशी, तोंड न उघडता येणारा स्वर येतो, त्याला श्वा म्हणतात, आणि तो आपल्या 'अ'च्या खूप जवळचा आहे. 'टर', 'श', 'न' आणि शेवटच्या 'शन' या सगळ्यांत तोच आहे. स्पेलिंगमध्ये कुठे ई, कुठे ए, कुठे आय-ओ दिसतं, आवाज एकच. त्यामुळे 'नॅशनल'चा शेवट 'नॅल' करू नका, ए दिसतोय म्हणून 'अ‍ॅ' म्हणायचा मोह होतो पण तिथे साधा 'नल'च हवा.

नेशन, नॅशनल, इंटरनॅशनल, मग इंटरनॅशनलायझेशन. दरवेळी जोर वेगळा का वाटतो?

कारण काही प्रत्यय शांतपणे मागे येऊन उभे राहतात आणि काही प्रत्यय जोर ओढून घेतात. पायरी पायरीने बघू.

'नेशन'मध्ये जोर पहिल्या 'ने'वर. त्याला 'अल' लागलं, 'नॅशनल' झालं, जोर तिथेच पण स्वर बदलला (त्याचं पुढच्या प्रश्नात). पुढे 'इंटर' लागलं तरी मुख्य जोर 'नॅ'वरच राहतो, इंटरनॅशनल. 'आइझ' लागून क्रियापद झालं, इंटरनॅशनलाइझ, अजून जोर हललेला नाही. आणि मग येतो 'एशन', तो आला की मुख्य जोर त्याच्याच 'ए'वर जाऊन बसतो, आणि इतका वेळ मुख्य असलेला 'नॅ' दुय्यम होतो. हे 'एशन'चं वागणं इतकं पक्कं आहे की त्यावर डोळे झाकून विसंबा: ऑर्गनाइझमध्ये जोर 'ऑर'वर, पण ऑर्गनायझेशनमध्ये 'झे'वर. बाकीच्यांचंही तसंच: मॉडर्नाइझ, मॉडर्नायझेशन. रीअलाइझ, रीअलायझेशन.

'शन', 'इक' आणि 'इटी' या तिघांचा सामायिक नियम असा की जोर त्यांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो. प्रत्ययामुळे जोर कसा हलतो याचं 'फोटोग्राफ' हा शब्द फार सुंदर उदाहरण आहे, मी नेहमी तोच देतो: फोटोग्राफ, मग फटॉग्रफी, मग फोटग्रॅफिक. एकच मूळ, जोर 3 वेगळ्या ठिकाणी, आणि जोर जिथून उठला तिथला स्वर लगेच मिटला. मोठ्याने लागोपाठ म्हणून बघा, इंग्रजी उच्चाराची अर्धी गंमत या 3 शब्दांत आहे.

नेशनमध्ये 'ने' आणि नॅशनलमध्ये 'नॅ', स्पेलिंग तर तेच आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण हा गोंधळ वाटतो पण गोंधळ नाहीये. इंग्रजीत शब्दाच्या मागे प्रत्यय लागून जोराच्या सिलॅबलनंतर आणखी 2 सिलॅबल आले की आधीचा लांब स्वर बऱ्याचदा आखूड होतो. नेचर पण नॅचरल. सेन पण सॅनिटी. डिव्हाइन पण डिव्हिनिटी. 'ने-शन'मध्ये 'ने'नंतर एकच सिलॅबल आहे म्हणून लांब, 'नॅ-श-नल'मध्ये 2 आहेत म्हणून आखूड.

मग लांब 'ए' आणि आखूड 'अ‍ॅ' हे एकमेकांचे लांब-आखूड कसे, आवाज तर सरळ वेगळे आहेत? त्याचं कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत दोघांचा आवाज जवळजवळ सारखा होता, फक्त एक लांब आणि एक आखूड. मग साधारण 15 व्या ते 18 व्या शतकाच्या दरम्यान इंग्रजीतले लांब स्वर एकामागून एक सरकले, त्याला इंग्रजीचे अभ्यासक स्वरांचं मोठं स्थलांतर म्हणतात. लांब स्वर सरकून 'ए' झाला, आखूड बिचारा जवळपास आपल्या जागीच राहिला, स्पेलिंग कोणी बदललं नाही, आणि आज आपल्याला एकाच अक्षराचे दोन आवाज दिसतात.

अपवाद आहेतच. 'ओबीस'चं 'ओबीसिटी' होतं, स्वर आखूड होत नाही. आणि 'नेशनहुड'मध्येही 2 सिलॅबल मागे असूनही 'ने'च राहतो, कारण 'हुड' हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय नाही, तो इंग्रजीचा घरचा आहे, आणि घरचे प्रत्यय मूळ शब्दाला सहसा हात लावत नाहीत.

टी-आय-ओ-एनचा उच्चार 'शन' कसा काय होतो?

लॅटिनमध्ये तिथे खरंच 'ती-ओ' असं काहीतरी होतं. फ्रेंचमध्ये येता येता 'त'चा 'स' झाला, 'सि-ओन'सारखं, आणि शब्द तसाच इंग्रजीत आला. 'स'नंतर लगेच 'य'सारखा आवाज आला की जीभ आपोआप 'श'कडे घसरते, पटपट 'स्य स्य स्य' म्हणून बघा, थोड्या वेळाने 'श'च येतो. जुन्या इंग्रजी कवितेत या शेवटाचे 2 सिलॅबल धरलेले सापडतात, आज तो एकच आहे, आणि तोही इतका पडेल की 'श्न' ऐकू येतं, मधला स्वर जवळजवळ नाहीच.

'लायझेशन' बरोबर की 'लिझेशन'? आणि स्पेलिंगमध्ये झेड की एस?

दोन्ही बरोबर. ब्रिटिश बोलण्यात 'लायझेशन', अमेरिकन बोलण्यात तिथला 'आय' मिटून 'लझेशन' किंवा 'लिझेशन'. जे निवडाल ते सगळ्या शब्दांत ठेवा, ऑर्गनायझेशन म्हणणार असाल तर नॅशनलायझेशनच म्हणा. अमेरिकेत झेड लिहितात, ब्रिटनमध्ये एस जास्त दिसतो पण झेडही चालतो, ऑक्सफर्डची पद्धत तर झेडचीच आहे. काहीही लिहा, उच्चार झेडचाच.

मग हा झेड म्हणजे आपला 'झ'च ना?

लिहायला हो, बोलायला नाही. 'झेंडा' म्हणताना जीभ टाळूला टेकते, मग सुटते आणि बरोबर हवेचा एक झोत येतो. इंग्रजी झेडमध्ये जीभ टेकतच नाही. त्याच्या जास्त जवळचा आहे 'जोर' किंवा 'जावई'मधला ज, पण त्यातही जीभ क्षणभर टेकते. ओळखायची खूण सोपी आहे: झेड हा आवाज भुंग्यासारखा ओढता येतो, श्वास असेपर्यंत, 'जोर'मधला ज ओढता येत नाही. लांब 'स्स्स्स' म्हणायला सुरू करा आणि मधेच गळ्यातून आवाज सोडा, गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर जाणवेल, तो झेड. 'झे'वर मुख्य जोर आहे म्हणून या एका आवाजावर 10 मिनिटं घालवली तरी वाया जात नाहीत.

'ट'चंही थोडं असंच. आपला ट जीभ मागे वळवून होतो, इंग्रजीचा वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर. पण तो सिलॅबल जोराचा नाहीये, त्यामुळे आपला ट राहिला तरी कोणाचं काही अडत नाही.

काही लोक 'इनरनॅशनल' म्हणतात, ते चुकतात का?

नाही. अमेरिकन बोलण्यात 'न'नंतर 'ट' येऊन पुढे जोर नसलेला स्वर असेल तर तो 'ट' बऱ्याचदा गळतो, 'इंटरनेट'चं 'इनरनेट' होतं तेही यामुळेच. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी 'ट' ठेवतात पण 'र' सोडतात, 'इंटनॅशनल'. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये 'र' ठेवतात. आपण ट आणि र दोन्ही ठेवले तर सगळ्यांना कळतं.

शब्दाचे अर्थाचे तुकडे कुठले?

5 तुकडे. 'इंटर' हा उपसर्ग, म्हणजे च्या-च्या मध्ये, परस्परांत. 'नेशन' हे मूळ. 'अल' लागून नामाचं विशेषण होतं. 'आइझ' लागून विशेषणाचं क्रियापद, म्हणजे तसं करणं. आणि 'एशन' लागून क्रियापदाचं परत नाम, म्हणजे ती करण्याची क्रिया. 'आइझ'च्या स्पेलिंगमधला शेवटचा ई 'एशन' येताना गळतो, स्पेलिंगमधली सगळ्यात जास्त होणारी चूक याच सांध्यावर होते.

क्रम मात्र दिसतो तसा डावीकडून उजवीकडे लागत नाही. आधी 'नेशन'ला 'अल' चिकटतं, मग पुढे 'इंटर', मग परत मागे 'आइझ' आणि 'एशन'. एखाद्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी थर चढवत जावं तसं. यातला 'इंटरनॅशनल' हा थर तर कधी चढला तेही माहीत आहे, जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने 1789 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कायद्याविषयी लिहिताना तो वापरला आणि हा शब्द नवा आहे असं तिथेच नमूदही केलं. त्याआधी 'राष्ट्रांचा कायदा' अशा शब्दांत काम भागवत असत.

तुकड्यांचं कूळ बघितलं तर 'इंटर', 'नेशन', 'अल', 'एशन' हे लॅटिन, आणि 'आइझ' ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला. आणि आता आपल्याला जवळची गोष्ट: लॅटिन 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' हे सख्खे भाऊ आहेत. 'नेशन' ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ जन्मणे, आणि तो आपल्या 'जन्', 'जात', 'जन्म' यांच्याच कुळातला. म्हणजे या परक्या वाटणाऱ्या शब्दाची पुढची दोन दालनं आपल्या ओळखीची निघाली.

मराठीतल्या 'आंतरराष्ट्रीयीकरण'शी तुलना करता येईल का?

करायलाच हवी, कारण बांधणी तुकड्याला तुकडा जुळते. आंतर म्हणजे इंटर, राष्ट्र म्हणजे नेशन, ईय म्हणजे अल, आणि 'ईकरण'मध्ये आइझ आणि एशन दोन्ही आले. या 'ई'मागे संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय आहे, जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं असा त्याचा अर्थ, आणि त्यामुळेच 'राष्ट्रीय'च्या शेवटच्या अचा ई होऊन 'राष्ट्रीयी' होतं. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण हे सगळे याच साच्यातले. बरेच जण 'आंतरराष्ट्रीयकरण' लिहितात, एक ई खाऊन, तसं नको, 'आइझ' गाळून इंग्रजी शब्द लिहिल्यासारखं होतं ते.

आणि 'आंतर' लिहायचं, 'अंतर' नाही. मराठीत 'आंतर' म्हणजे परस्परांमध्ये (आंतरजातीय, आंतरशालेय) आणि 'अंतर्' म्हणजे आतलं (अंतर्गत, अंतर्मन). इंग्रजीत हाच फरक 'इंटर' आणि 'इंट्रा'मध्ये आहे.

सिलॅबलचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे एकाच ठिकाणी तुटतात का?

नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. अर्थाने तोडलं तर 'नेशन' आणि 'अल' यांच्यामध्ये चिरा आहे, पण बोलताना तो 'न' पुढच्या स्वराकडे जातो, 'नॅ-श-नल'. 'आइझ'चंही तसंच, 'अल'मधला 'ल' त्याने घेतला आणि 'लाय' झाला. व्यंजनाला मागच्या स्वरापेक्षा पुढचा स्वर जास्त ओढतो. आपल्याकडे 'राष्ट्र' अधिक 'ईय' हा सांधा तर थेट 'ष्ट्री' या एका अक्षराच्या पोटात आहे, तो आपण बोलताना कधी शोधत बसत नाही, इंग्रजीतही शोधू नये. अर्थ समजून घेताना एक करवत, उच्चार करताना दुसरी.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर कुठे?

शक्य असेल तर 'इंटर'नंतर. वाचणाऱ्याला पुढच्या ओळीवर पूर्ण 'नॅशनलायझेशन' मिळतं आणि अर्थही तुटत नाही. एक अक्षर एकटं मागे किंवा पुढे सोडायचं नाही, त्यामुळे डिक्शनरीत मधला 'आय' स्वतंत्र सिलॅबल असला तरी तो वेगळा लोंबकळत ठेवत नाहीत.

तोडायच्या दोन परंपरा आहेत, एक आवाजाने तोडणारी, अमेरिकन डिक्शनऱ्यांत जास्त दिसणारी, आणि एक अर्थाच्या तुकड्यांवर तोडणारी, ब्रिटनकडची. पहिलीच्या मागे अमेरिकन डिक्शनरीकार नोआ वेब्स्टर यांचं 1783 चं स्पेलिंगचं पुस्तक आहे, त्यांनी शब्द जसा बोलतात तसा तोडायचा आग्रह धरला. कॉम्प्युटरवर हे काम बहुतेक वेळा अक्षरांच्या साच्यांवरून होतं, फ्रँक लियांग यांनी 1983 साली मांडलेली पद्धत आजही पायाला आहे. पण अक्षरं बघून सगळं कळत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि तुटतो सी नंतर, क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर आणि तुटतो ई नंतर, स्पेलिंग तेच. म्हणजे इथेही शेवटी जोरच ठरवतो.

सॉफ्टवेअरवाले 'आय-18-एन' लिहितात ते हेच का?

हेच. पहिलं अक्षर आय, शेवटचं एन, मधली अक्षरं 18. म्हणताना 'आय एटीन एन'. एस लिहा नाहीतर झेड, मोजणी बदलत नाही. तसंच लोकलायझेशनचं 'एल-10-एन' आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचं 'ए-11-वाय'. अर्थात फरक लक्षात ठेवा: प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत नेता येईल असा बांधून ठेवणं म्हणजे इंटरनॅशनलायझेशन, आणि तो एका ठराविक भाषेत प्रत्यक्ष नेणं म्हणजे लोकलायझेशन.

म्हणायचा सराव कसा करू?

शेवटून सुरू करा. ही पद्धत भाषा शिकवणारे फार पूर्वीपासून वापरतात आणि या शब्दाला ती अगदी चपखल बसते, कारण मुख्य जोर शेवटाजवळ आहे. आधी नुसतं 'शन'. मग 'झेशन', इथे झे लांब, भुंग्यासारखा. हे 5 वेळा म्हणा, बाकी काही जोडू नका. मग 'लायझेशन'. मग 'नलायझेशन'. मग 'नॅशनलायझेशन', आता इथे दोन शिखरं झाली, एक छोटं 'नॅ'वर आणि एक मोठं 'झे'वर, मधले श-न-लाय भरभर उतरून परत चढायचे. आणि सगळ्यात शेवटी पुढे 'इंटर' लावा, अगदी सहज, ओझं न देता.

पुढून सुरुवात केली की सुरुवातीचे तुकडे सगळ्यात जास्त वेळा म्हटले जातात आणि शेवट, जो महत्त्वाचा, तो कच्चा राहतो. शेवटून आलं की दरवेळी आपण अनोळखीकडून ओळखीच्या तुकड्याकडे जातो. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एकच गोष्ट तपासा, 'झे' बाकीच्यांपेक्षा लांब ऐकू येतोय का. तो येत असेल तर सुटलं.

स्पेलिंग पाठ होत नाही, काय करू?

20 अक्षरं पाठ करूच नका, 5 तुकडे ठेवा. इंटर 5 अक्षरांचा, नेशन 6, अल 2, मग आय-झेड 2, आणि एशन 5. झाले 20. आणि टी-आय-ओ-एन दोनदा येतं, एकदा नेशनच्या पोटात आणि एकदा शेवटी, हे लक्षात ठेवलं की 8 अक्षरं तिथेच सुटली.

हे दुसऱ्या लांब शब्दांनाही चालतं का?

चालतं. 'इन्स्टिट्यूशनलायझेशन' घ्या, हा तर याचा जुळा आहे, अक्षरं 20, सिलॅबल 8, जोर त्याच 'झे'वर. 'रिस्पॉन्सिबिलिटी'मध्ये अक्षरं 14, सिलॅबल 6, आणि 'इटी'च्या नियमाने जोर 'बि'वर, आपण बहुतेक जण तो चुकून 'स्पॉन'वर देतो, कारण 'रिस्पॉन्सिबल'मध्ये तो तिथे असतो.

लोक हौसेने विचारतात तो 'अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम', 28 अक्षरांचा, तोही सोलता येतो: अँटी, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम. चर्चला असलेली सरकारी मान्यता काढून घ्यायला विरोध करणारी भूमिका, असा त्याचा अर्थ, 19 व्या शतकातल्या ब्रिटनमधल्या वादातला. जोर 'टे'वर. आणि स्वर मोजायची युक्ती इथे फसते: स्पेलिंगमध्ये स्वर 11, सिलॅबल 12. जास्तीचा एक शेवटच्या 'इझम'मध्ये आहे, एस आणि एम यांच्यामध्ये कागदावर स्वर नाही पण तोंडात 'झम' असा पूर्ण सिलॅबल येतो. हनुवटीखाली हात धरून म्हटलात तरी तो कदाचित निसटेल, कारण 'म'ला ओठ मिटतात. त्याच्यासाठी कानच लावावा लागतो.